तिसरा हात

माझ्या आईची धाकटी बहीण कामिसा, माझी एतेक म्हणजे मावशी, हिला आमच्या गुगुक जारक गावात कोणी गरीब गाय म्हटलं असतं, तर गावातल्या गायींनीच हरकत घेतली असती. उंची साडेचार फूट. तोंडात सतत विडा. डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात एक घट्टा, इतका जाड की त्यात काटा रुतला तरी तिला पत्ता लागत नसे. हा घट्टा तालेम्पोंगचा. चाळीसहून जास्त वर्षं तिने त्या हातात आमच्या घराण्याचे दोन तालेम्पोंग धरले आणि मिरवणुकीमागून मिरवणूक वाजवली. तिच्याबद्दल सांगायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण तिच्या आयुष्यात जे काही झालं ते त्या हातामुळे झालं, पहिलं लग्न मोडलं तेसुद्धा.

आमच्या घरात पितळेचे सहा तालेम्पोंग आहेत. पालथ्या घातलेल्या लहान पातेल्यासारखे, मधोमध उंचवटा. त्या उंचवट्यावर काठी पडली की बोलतात. ते पहिल्यांदा घरात कोणी आणले हे आजीच्या आजीलाही ठाऊक नव्हतं. तिघी बायका, प्रत्येकीच्या डाव्या मुठीत दोन, उजव्या हातात काठी, आणि चालत चालत वाजवायचं. एका मुठीतले दोन तालेम्पोंग एकमेकांना घासून किरकिरतात म्हणून मधे चिंधीची घडी घालायची. पहिला हात सरळ चालतो. दुसरा त्याला उत्तर देतो. या दोघांच्या मधे ज्या रिकाम्या जागा राहतात तिथे तिसरा हात पडतो, आणि मगच चाल उभी राहते. पहिला हात माझ्या आईचा, दुसरा माझा, तिसरा एतेकचा. एकटीने वाजवलं तर कोणाचंच काही होत नाही, शेजारची म्हातारी खिडकीतून विचारते, "भांडी घासताय का ग?"

खरं म्हणजे तिसरा हात एतेकचा नव्हताच. तो झाइनीरमामाचा होता. हा मामा म्हणजे आईच्या पाठचा आणि एतेकच्या आधीचा, दोघींचा एकुलता भाऊ. आजी मुलांना घरातल्या फळ्यांवर बसवून नारळाच्या करवंट्यांवर शिकवायची. तिसरा हात शिकवताना ती मुलाच्या पाठीवर दोन बोटांनी ठोके द्यायची. तो हात कानाने शिकता येत नाही, पाठीने शिकावा लागतो, असं तिचं म्हणणं. तिन्ही भावंडांत सगळ्यात चांगला हात मामाचा. "हा मुलगी व्हायला हवा होता," असं आजी हळहळायची. पण आमच्यात मुलगा दहा वर्षांचा झाला की गावच्या नमाजघरात झोपायला जातो, आणि मिसरूड फुटली की परमुलखात. मामा गेला जकार्ताला, कापडाच्या बाजारात. मागे राहिलेल्या करवंट्या आजीने एतेकपुढे ठेवल्या, तेव्हा ती फुरंगटून म्हणाली होती, "ऊदाचं उष्टं मला कशाला?" थोरला भाऊ म्हणून ती त्याला ऊदा म्हणायची, आणि थोरली बहीण म्हणून माझ्या आईला ऊनी. आजीने तिच्या पाठीत एक ठेवून दिली. ती काही तालातली नव्हती.

आमच्यात घर बाईचं, शेत बाईचं, आणि नवरा जिना चढून येणारा पाहुणा. सगळेच जावई घरजावई, त्यामुळे कोणी कोणाला हिणवत नाही. एतेकचा पहिला नवरा शेळ्यांचा व्यापारी होता. लग्नाला सहा महिने झाल्यावर त्याच्या मनात आलं की बायकोने रस्त्यावरून वाजवत जाणं बरं दिसत नाही. एतेकने ऐकून घेतलं, भात वाढला, विडा करून दिला. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून परतला तर त्याची लुंगी, आरसा आणि छत्री जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मांडून ठेवलेली.

"मिरवणूक माझ्या आजीची, जिना माझ्या आईचा," एतेक वरून म्हणाली. "छत्री तुझी. उघड आणि लाग वाटेला."

दुसरा नवरा ढोल वाजवायचा, मोजकं बोलायचा आणि तिच्यावर जीव टाकायचा. तो छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ झालं नाही. म्हणजे एतेकच्या मागे जे काही राहील ते माझं, आणि माझ्या मागे माझ्या दोन मुलींचं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ऐन वेळी मीच ते विसरले होते.

ज्या वर्षी गावात वीज आली त्याच वर्षी लाकुकच्या शेताला लागून डांबरी रस्ता गेला. लाकुक म्हणजे घराखालची आमची तीन भातखाचरं, एकाखाली एक. वरच्या खाचराच्या बांधाशी झरा आहे, भर उन्हाळ्यातही आटत नाही. एतेक ते शेत एकटी करायची. लावणीला शेजारणी यायच्या, पण बांध ती कोणाला बांधू द्यायची नाही. त्या रस्त्यावरून पहिल्यांदा जी मोटार आमच्या दारात आली तिच्यातून झाइनीरमामा उतरला. पोट सुटलेलं, हातात सोनेरी घड्याळ, डोळ्यात पाणी. आईने त्याला गच्च धरलं.

मामा दातुक, म्हणजे घराण्याचा प्रमुख, व्हायला आला होता. दातुक सिनारो हा आमच्या घराण्याचा किताब. आजीचा भाऊ वारला तेव्हापासून तो घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखा पडून होता. दातुक उभा करायचा तर रेडा कापावा लागतो, सगळं गाव जेवू घालावं लागतं, आणि तेवढं बळ घरात कोणाच्या अंगी नव्हतं. बारा वर्षं गावसभेत आमची जागा रिकामी. मामा म्हणाला, मी उचलतो, रेडे दोन कापू. आई त्या दिवशी तीन वेळा रडली आणि चार वेळा भात करपवला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने एक जाडसर कागद आणि शाईची डबी काढली. लाकुकच्या जागेवर पाच गाळे बांधायचे, त्याच्या मुलाच्या नावाने. आता मामाची मुलं म्हणजे त्याच्या बायकोच्या घराण्याची. आमच्या शेताशी त्यांचा संबंध शेजाऱ्याच्या कोंबडीइतका. पण मामा सांगायला लागला. जकार्तात त्याचं दुकान दोनदा जळालं होतं. दुसऱ्या वेळी त्याची पोरं शाळेची दप्तरं छातीशी धरून रस्त्यात उभी होती, हे सांगताना त्याचा आवाज फुटला. ते नाटक नव्हतं. भाची आहे मी त्याची, मला कळतं.

आईने अंगठा उठवला. मग मामा माझ्याकडे वळला. "पियाक, एक गाळा तुझ्या नवऱ्याला चालवायला देईन." पियाक म्हणजे पोरी, दोन पोरींची आई झाले तरी घरात मला तेच म्हणत. माझा नवरा तेव्हा हाती काम नसल्याने दिवसभर कॉफीच्या दुकानात बसून डॉमिनो खेळायचा. मी अंगठा दिला. कागद वाचला नाही. शाई निळी होती, दोन दिवस घासली तरी नखाच्या कडेला राहिली.

तेवढ्यात एतेक शेतातून आली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"कामिसा, ये. इथे अंगठा," मामा म्हणाला.

"कशावर?"

"घरचा कागद आहे."

तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद माझ्या हातात दिला. "वाच मोठ्याने."

मी वाचला. वाचता वाचता त्यात काय लिहिलंय ते मला पहिल्यांदा कळलं. एतेकने पायरीवर पिंक टाकली.

"ऊदा, तुला दातुक व्हायचंय ना? हो की. दोन्ही रेड्यांचा मसाला मी एकटी वाटते. पण आधी हा कागद जाऊ दे, मग माझा होकार."

"या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"तुझ्या जकार्तात असतील. दातुक कशासाठी करतात? शेत राखायला. तू राखणीला बसायच्या आधीच वाटणी करून मोकळा झालास."

"घरात आपण चार डोकी. तिघं तयार आहेत."

"मग तिघांचा दातुक हो."

"अगं, एका बाईपायी घराण्याची जागा रिकामी ठेवायची?"

"एका बाईपायी नाही. पाच गाळ्यांपायी."

"अंगठा दे, कामिसा." मामाने शाईची डबी पुढे सरकवली.

तिने डावा हात वर करून घट्टा दाखवला. "हा तालेम्पोंगला दिलाय. रिकामा नाही."

आई मधे पडली. "अगं, भाऊ आहे तो आपला."

"भाऊ आहे म्हणून तोंडाने बोलतेय, ऊनी. परका असता तर विळा काढला असता."

दुसऱ्या दिवशी मी शेतात तिच्यासाठी डबा घेऊन गेले. ती वाकून तण उपटत होती.

"तू का दिलास अंगठा?"

"यांना गाळा मिळणार होता..."

"नवऱ्याला?" ती ताठ उभी राहिली. "नवरा जिना उतरून जातो ग. शेत जिना उतरतं का? आणि शेत माझं आहे का? मला कोण आहे खाणारं? तुझ्या दोन चिमण्यांसाठी मी भावाशी भांडतेय, आणि त्यांची आईच..." ती पुन्हा वाकली आणि तण उपटायला लागली. तिने थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. मी डबा बांधावर ठेवला आणि पळाले.

आमच्याकडे दातुक करताना घराण्यातल्या सगळ्यांचं मत लागतं, बायकांचंही. अर्धं चालत नाही, पाऊणही चालत नाही. गावसभा एकच प्रश्न विचारते: गोल आहे का? मामा सभेत गेला आणि सांगून आला की गोल आहे. आईने मान खाली घातली. मीही घातली. दिवस ठरला, रेडे आले, मांडव पडला.

राहिला प्रश्न मिरवणुकीचा. नवा दातुक घरून सभाघराकडे निघतो तो घरच्या तालेम्पोंगच्या मागून. मामाने एतेकला विचारलं. ती म्हणाली, "येईन. पण कागद तुझ्या खिशात असेपर्यंत काठी पडणार नाही."

"रस्त्याला लागलीस की हात आपोआप चालेल," मामा हसला. "तुला मी ओळखत नाही का?"

हसला खरा, पण दुसरी सोय बघायला लागला. गावात कोणी दुसऱ्या घरचा तालेम्पोंग हातात घेत नाही, ज्या बाईचा असतो तिने आपणहून दिल्याखेरीज. म्हणून त्याने बायकोच्या माहेरगावाहून, डोंगरापलीकडून, तिची एक चुलतबहीण आणली. गोरीपान, गोड बोलणारी बाई. आम्हाला वाजवायची होती 'चिखलात उतरलेली म्हैस' ही चाल. ती म्हणाली, ही तर आमच्याकडेही आहे, लहानपणापासून वाजवते. सरावासाठी करवंट्या घेऊन आम्ही बसलो. आईने सुरू केलं, मी उत्तर दिलं, आणि तिची काठी नेमकी माझ्या काठीवर पडली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिच्या गावची म्हैस उजव्या पायाने चिखलात उतरत होती, आमची डाव्या. दुपारभर आम्ही एकमेकींना तुडवत होतो. शेवटी आईने करवंट्या खाली ठेवल्या आणि पाहुणीला चहा दिला. स्वयंपाकघरात मसाला वाटता वाटता एतेक एवढी हसली की तिला ठसका लागला.

कोणीतरी म्हणालं, कॅसेट लावा. मामाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो माणूस जेवायलासुद्धा आला नाही.

मिरवणुकीचा दिवस. सकाळी लख्ख ऊन. मामा काळ्या पोशाखात, डोक्याला जरीचा फेटा, कमरेला क्रिस खंजीर, वर पिवळी छत्री धरलेला त्याचा मेहुणा. देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू. तो कागद त्याच्या अंगरख्याच्या आत होता. दातुक झाल्याबरोबर सभाघरातच घराण्याचा प्रमुख म्हणून सही करायची आणि चार वडीलधाऱ्यांची साक्ष घ्यायची, असा त्याचा बेत. मग एतेकच्या अंगठ्याची गरजच उरली नसती.

एतेक जिना उतरून आली. आजीची जरीची ओढणी, केसात फूल, डाव्या मुठीत दोन तालेम्पोंग, मधे नवी लाल चिंधी.

"वाजवणार?" मी हळूच विचारलं.

"सांगितलंय ना एकदा."

"मग आलीस कशाला?"

"घराण्याची मिरवणूक आहे. मी घराण्यात नाही का?"

पुढे ढोल, मग आम्ही तिघी, मग छत्रीखाली मामा, आणि मागे डोक्यावर ताटं घेतलेल्या बायका. आईने पहिला हात सुरू केला. मी दुसरा. आणि मग जिथे तिसरा पडायचा तिथे काहीच पडलं नाही. जन्मात मी ती चाल अशी ऐकली नव्हती. प्रत्येक पावलाला एक भोक. मी उत्तर देत होते आणि पुढे कोणी नव्हतं. घरातून कोणीतरी गेल्यावर सवयीने त्याचं ताट मांडावं तसं वाटत होतं.

मी कडेने एतेककडे बघितलं. ती नजर समोर ठेवून चालत होती. पण तिची काठी! काठी थरथरत होती. प्रत्येक रिकाम्या जागेला तिचं मनगट वर उठायचं आणि ती ते खाली दाबायची. चाळीस वर्षांची सवय अंगातून उसळत होती आणि ती तिला एका हाताने धरून चालली होती. घाम कानाखालून गळत होता. तिचे दोन नवरे जाताना मी तिला पाहिलं आहे, लावणीच्या दिवसात तापाने फणफणताना पाहिलं आहे. पण इतकं कष्टाचं काम तिने कधी केलं नसेल.

"वाजव," मागून मामा दात आवळून म्हणाला.

"कागद," ती पुढे बघतच म्हणाली.

"लोक बघतायत, कामिसा."

"बघू देत की. ऐकू पण देत."

बाजारात पोचलो तर दोन्ही बाजूंना माणसं. कॉफीच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं, "अरे, या म्हशीचा एक पाय कुठे गेला?"

"गाळ्यात अडकला असेल!" दुसरा म्हणाला. म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. गावाला नेहमीच ठाऊक असतं.

मिरच्या विकणारी एक म्हातारी उठून उभी राहिली आणि शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "कामिसाचा हात बंद आहे ग बाई. यांचं गोल नाही. सभेत खोटं सांगितलंय यांनी." हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली, आणि ती हसण्यापेक्षा वाईट होती. ढोलवाल्याने मागे वळून पाहिलं. आईची काठी चुकायला लागली.

आणि मामाचा संयम सुटला. तो छत्रीखालून बाहेर आला, तीन ढांगांत पुढे येऊन त्याने एतेकच्या हातातून तालेम्पोंग आणि काठी हिसकावून घेतली. लाल चिंधी रस्त्यावरच्या गटारात पडली. आणि मामाने वाजवायला सुरुवात केली.

काय सांगू! त्याची बोटं लांब, त्याला चिंधी लागली नाही. पहिलीच काठी जागेवर पडली. दुसरी पडली. चाल अशी उभी राहिली की माझ्या अंगावर काटा आला. कित्येक वर्षं कापड मोजणारा तो हात, पण त्यातलं काहीही गेलं नव्हतं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि काठी मात्र बरोबर पडायला लागली. सगळा बाजार गप्प झाला.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं. मामाचा मेहुणा होता तिथेच उभा होता, रिकाम्या जागेवर पिवळी छत्री धरून.

"नवरदेवच स्वतःच्या वरातीत वाजवतोय!" आणि बाजार फुटला. माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती. मामाला ऐकू गेलं असणार. त्याची मान लाल झाली. पण तो थांबला नाही. चाल सुरू असताना तिसऱ्या हाताला थांबता येत नाही, हे त्याला एतेकइतकंच माहीत होतं. फेटा वाकडा झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दहा वर्षांचं कोणीतरी आलं होतं.

चालीच्या एका वळणावर म्हैस चिखलात बसते ती अवघड जागा येते. तिथे त्याची काठी अडखळली. एतेक त्याच्या शेजारून रिकाम्या हाताने चालत होती. तिने त्याच्या पाठीवर दोन बोटांनी ठोके दिले, आजी द्यायची तसे. काठी जागेवर आली. चाल पुरी झाली. मग मामा थांबला, आम्ही थांबलो, ढोल थांबला.

"हात अजून चांगला आहे, ऊदा," एतेक म्हणाली. "पण स्वतःची मिरवणूक स्वतः वाजवणाऱ्याला दातुक म्हणत नाहीत. ते दे इकडे. आणि कागदही."

"माझी पोरं, कामिसा," तो एवढंच म्हणाला. मला ऐकू येईल इतक्याच आवाजात.

"तुझ्या पोरांना भात मी देईन. दर सुगीला, पोतं भरून, बसच्या टपावर घालून. मी असेपर्यंत ती उपाशी राहणार नाहीत. पण शेत देणार नाही. ते द्यायला माझं नाहीच."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर सभाघर अजून लांब आहे. वाजव."

मामाने बाजाराकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. मग अंगरख्यात हात घालून कागद काढला आणि तिच्या अंगावर फेकल्यासारखा दिला. "घे. फाड."

"फाडू कशाला?" तिने कागद दोन बोटांत चाचपला. "चांगला जाड आहे." तिने त्याची चार पदरी घडी घातली. मग तालेम्पोंग डाव्या मुठीत घेतले, घडी दोन्हींच्या मधे, चिंधीच्या जागी खोचली, आणि काठी उचलली. "चल ऊनी. पहिल्यापासून. ऊदा, छत्रीखाली जा."

आईने सुरू केलं. मी उत्तर दिलं. आणि तिसरा हात पडला. मी रस्ताभर रडत वाजवलं, आणि एकही ठोका चुकले नाही.

सभाघरात सगळ्यात वयस्कर दातुकाने विचारलं, गोल आहे का. मामा म्हणाला, "आधी नव्हतं. मी खोटं बोललो होतो. आता आहे." त्या म्हाताऱ्याने मान डोलावली. "माहीत आहे. ऐकू आलं आम्हाला." मग रेडा वाढायला सुरुवात झाली.

मामा बरा दातुक झाला. फार थोर नाही, पण बरा. एतेकशी तो वर्षभर बोलला नाही. भाताची पोती मात्र दर सुगीला जकार्ताला जात राहिली आणि त्याने एकही परत पाठवलं नाही. माझ्या नवऱ्याने शेवटी एक जुनी मोटारसायकल घेतली, भाड्याने माणसं नेऊ लागला आणि पोटापाण्याला लागला, गाळ्याशिवाय.

तो कागद एतेकच्या मुठीत तीन वर्षं टिकला. प्रत्येक लग्नाला, प्रत्येक मिरवणुकीला तो पितळेत घासला जायचा. आधी आईचा अंगठा पुसट झाला, मग मामाच्या मुलाचं नाव. माझा अंगठा सगळ्यात शेवटी गेला. मी दर वेळी घडी उलगडून बघायचे, आणि एतेक बघायची मी बघते आहे का. तो पार गेला त्या दिवशी ती म्हणाली, "आता चिंधी आण." तिने मला माफ केलं हे मला त्यावरून कळलं, एरवी ती काही बोलणारी नव्हती.

एतेकला जाऊन आता सहा वर्षं झाली. लावणीच्या दिवसात गेली, बांध बांधून झाल्यावर. तिसरा हात माझ्या थोरल्या मुलीकडे आहे, तिच्या पाठीवरचे ठोके एतेकचेच. परवा रस्त्याकडेला जागा शोधणारा एक गृहस्थ आमच्या जिन्याशी आला. गोड बोलला, शाईची डबी उघडली आणि कागद पुढे केला. माझी मुलगी सरावाला बसली होती. तिने कागद हातात घेतला, दोन बोटांत चाचपला आणि त्याला परत दिला.

"पातळ आहे," ती म्हणाली. "एक लग्नसुद्धा टिकायचा नाही."